झोपेतला करंट

माझा राग नाकावर असतो, हे अकोल्यात आमच्या गल्लीला आधीच माहीत होतं. त्या वर्षी ते अमरावतीच्या कॉलेजलाही कळलं, कारण माझ्या पाच डब्या मरून राहिल्या होत्या.

डब्या म्हणजे साबणाच्या डबीएवढी यंत्रं. आत एक चिप, एक बारका रेडिओ आणि दोन पेन्सिल सेल. वलगावच्या एका संत्र्याच्या बागेत त्या ठेवल्या होत्या. मातीतली ओल मोजायची, दर पंधरा मिनिटांनी बिनतारी निरोप पाठवायचा आणि पुन्हा झोपी जायचं, एवढंच त्यांचं काम. त्या वर्षांत आमच्याकडे वर्तमानपत्र उघडायची धास्ती वाटायची, शेतातली वाईट बातमी नाही असा दिवस जात नव्हता. पंपाला वीज मिळायची चार-दोन तास. तेवढ्यात कुठल्या झाडाला पाणी हवं ते डबीने सांगावं, असा माझा एम.ई.चा प्रकल्प होता. मी शिकवत होते त्या अकोल्याच्या पॉलिटेक्निकने त्यासाठी मला एक वर्षाची रजा दिली होती, वरती एक दिवस नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांची अट साधी होती. "दोन सेलवर डबी नव्वद दिवस चालली पाहिजे. नाही चालली तर विषय बदल, पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष म्हणजे नोकरीवर पाणी. आणि माझ्या डब्या दहाव्या दिवशी मान टाकत होत्या.

तशा यंत्राची सगळी गंमत झोपेत असते. जागेपणी ते क्षणभरच करंट खातं, पण झोपेत किती खातं यावर त्याचं आयुष्य ठरतं. साधा मीटर लावून ते नीट कळत नाही. म्हणून मी सेल आणि चिपच्या मध्ये एक लहानसा रेझिस्टर घातला आणि त्याच्यावर ऑसिलोस्कोप जोडला, करंटचा चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारा. पडद्यावर सपाट रेघ, पंधरा मिनिटांनी एक उंच काटा, पुन्हा सपाट रेघ. इतकं देखणं चित्र! हिशेबाने ती डबी वर्षभर चालायला हवी होती. मी आठवडाभर तेच मोजत बसले आणि सेल विकणाऱ्या दुकानदाराला शिव्या घालत बसले. एकदा तर त्याच्याशी भर बाजारात भांडूनही आले.

शेवटी सरांनी विचारलं, "ही डबी बागेतली आहे का?"

"नाही सर, ही सहावी. मागच्या आठवड्यात केली."

"अगं, आजारी पडल्यात बागेतल्या, आणि तू नाडी पाहतेस हिची?"

मी अशी ओशाळले म्हणून सांगू! तशीच बसने वलगाव गाठलं आणि एक डबी उचलून आणली. स्कोपवर जोडली तर तिचीही रेघ सपाट. आता मात्र माझं डोकं फिरलं. इथे शहाण्यासारखी झोपते आणि बागेत काय हिला भूत लागतं? मग सुचलं, बागेत ओल असते. प्रयोगशाळेतला कूलर पाणी भरून सुरू केला आणि डबी उघडून त्याच्या तोंडाशी धरली.

अर्ध्या तासात पडद्यावर काट्यांचं रान माजलं. डबी झोपेतून दचकून उठत होती, झोपत होती, पुन्हा उठत होती. मी बोर्ड उलटा केला. मागच्या बाजूला, चिपला जागं करणाऱ्या पिनेच्या सोल्डरच्या टाक्यावर, बोटाच्या टोकाएवढा लाल ठिपका होता. कुंकू! ओल धरली की त्यातून करंट झिरपायचा आणि चिपला वाटायचं, कुणी उठवलं.

मी ओरडलेच, "काका!"

काका आमचे प्रयोगशाळा सहायक. तीस वर्षं त्यांनी खंडेनवमीला तिथल्या प्रत्येक यंत्राची पूजा केली होती. मध्यंतरी सरांनी यंत्रांना कुंकू लावायची मनाई केली, तेव्हापासून ते कुणाला दिसणार नाही असं मागून लावत. माझे पाच बोर्ड त्या दिवशी टेबलावर उघडेच होते.

"कावून लावलं काका?" मी रागाने विचारलं.

"तुमचं काम फत्ते व्हावं म्हणून," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "ओलं कुंकू करंट खाते, हे मले काय ठाऊक?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी हसत सुटले, खुर्चीत बसून पोट धरून हसले. काकांना वाटलं पोरीला वेड लागलं. मग आम्ही दोघांनी दातांच्या ब्रशने पाचही बोर्ड स्पिरिटने घासले, वार्निशचा हात मारला आणि नवे सेल घालून बागेत नेऊन ठेवले. नव्वद दिवस झाले, शंभर झाले, तरी डब्या बोलतच होत्या. सरांनी प्रबंधावर सही केली. काकांवर बालंट नको म्हणून कारणाच्या जागी मी 'बोर्डवरील बाह्य कचरा' एवढंच लिहिलं.

तोंडी परीक्षेला पुण्याचे परीक्षक आले. आलेख पाहून त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हा कचरा कसला? आणि आला कुठून? हे सांगता येत नसेल तर मी या मोजमापावर विश्वास का ठेवावा?"

मला उत्तर येत होतं, पण काका चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. कुंकवाची मनाई करणारे सर शेजारीच बसले होते. मी प्रबंधाची पानं उलटत राहिले.

काकांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"साहेब, कुंकू होतं ते. म्या लावलं होतं, चोरून. पोरीनं बराबर मोजलं आन् बराबर पकडलं. कोनाले नापास करायचं असन तं मले करा."