रिम्माचं ‘तुम्ही’

पेर्मच्या आमच्या स्केटिंग रिंकवर पोरींना शिकवणाऱ्या रिम्मा अर्कादियेव्हनाचं सगळ्यांशीच वाजायचं, पण उभा दावा होता तो माझ्या कँटीनशी. मी कोबीच्या सारणाचे पाव भाजते. वास थेट बर्फापर्यंत जातो, त्याला मी काय करणार? ती मधल्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबायची आणि सराव सुरू होण्याआधी पोरींच्या हातांचा वास घ्यायची. एकीच्या हातमोज्यात चुरा सापडला तेव्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “क्लावा, तू माझी चॅम्पियन खाल्लीस.” मी म्हटलं, “खायला तिच्या अंगावर मांस तरी कुठंय?” मग बरेच दिवस अबोला. शेवटी तिला लिंबू घातलेल्या चहाची तलफ आली आणि अबोला मिटला.

आम्ही दोघी एकाच इमारतीत वाढलो, म्हणून मी तिला अगं-तुगं करायचे. बाकी कुणाची छाती नव्हती.

रिम्मा स्वतः काही मोठी खेळाडू नव्हती. ऐन उमेदीत घोटा मोडला, मग बर्फावरच्या नाटक कंपनीत अस्वलाचं सोंग घेऊन गावोगाव फिरली. त्या अस्वलाचा राग ती पुढे पोरींवर काढते, असं मी म्हणायचे. परत आल्यावर ती शिकवायला लागली आणि तिच्या मुली देशाच्या स्पर्धांत पहिल्या यायला लागल्या. लांबलांबून आया पोरींना घेऊन येऊ लागल्या. वर्तमानपत्रात कुणी तिला देवी म्हणे, कुणी खाटीक. सगळ्यांसमोर वजनकाटा. सरावात पाणी प्यायचं नाही, चूळ भरून थुंकायचं. पडलीस तर “ऊठ.” सुंदर उडी घेतलीस तर “चालेल.” ज्या दिवशी ‘चालेल’ मिळे, त्या दिवशी त्या पोरीची आई कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजायची.

या चॅम्पियन मुली विशीत जिना उतरताना कठडा धरायच्या. मी ते रिम्माला तोंडावर सांगितलं. “जिने उतरायला मी शिकवत नाही,” म्हणाली.

पण पोरी वजनकाट्याला भीत नसत, ओरडण्याला तर मुळीच नाही. त्या भीत ‘तुम्ही’ला. रिम्मा सगळ्यांना तू म्हणायची, आणि जोवर तू, तोवर पोरगी तिची. एखादीचा वीट आला की ती आवाज चढवत नसे. त्या पोरीला पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट हाक मारायची, शाळेच्या मुख्याध्यापिकेला मारावी तशी. पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा नोना नावाची एक चिमुरडी नव्या वर्षाच्या सुट्टीत घरी सॅलड चापून दोन दिवस उशिरा आली होती. “नोना विक्तोरोव्हना, तुम्ही आता घरी जाऊ शकता.” पोरीनं मागे वळून पाहिलं, कुणी बाई आली आहे का म्हणून. मला त्या दिवशी रिम्माच्या अंगावर चहा ओतावासा वाटला होता. ‘तुम्ही’ झालं की संपलं. कुणाचे आईबाप परत मिनतवारी करायला आले नाहीत, कारण रिम्मानं शब्द फिरवलाय असं कधी झालंच नव्हतं.

मग आली उस्त्या. सहा वर्षांची असताना तिची आई लारिसा तिला सोलिकाम्स्कहून घेऊन आली. नवरा, घर, नोकरी सगळं मागे टाकून आली आणि इथं वसतिगृहात फरशा पुसायला लागली. पोरगी मोठी झाली तशी चार फिरक्यांची उडी घ्यायला लागली आणि रिम्माच्या डोळ्यांत चमक आली. अशी मुलगी तिला आजवर मिळाली नव्हती.

पंधराव्या वर्षी उस्त्याची पाठ गेली. माझ्याकडे यायची ती उभ्यानंच चहा प्यायची. बस म्हटलं तर हसायची, बसलं की उठवत नाही म्हणायची. डॉक्टरनं सांगितलं, अशीच उड्या मारत राहिली तर पाठीचा मणका कायमचा जाईल. लारिसा म्हणाली, मॉस्कोतली देशाच्या संघाची निवड तेवढी होऊ दे. रिम्मा म्हणाली, पाठ सगळ्यांचीच दुखते. उस्त्याला कुणी विचारलंही नाही.

मॉस्कोला निघायच्या आदल्या सकाळी मी रिम्माचा चहा घेऊन कठड्यापाशी गेले. उस्त्या पडली. “ऊठ.” पुन्हा पडली. “ऊठ.” या वेळी ती उठली ती सरळ आमच्याकडे आली आणि अगदी हळू म्हणाली, “रिम्मा अर्कादियेव्हना, मला ‘तुम्ही’ म्हणा ना.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“मी आपणहून सोडलं तर आई मला उद्या परत घेऊन येईल. तुम्ही मला ‘तुम्ही’ म्हणालात तर नाही आणणार.”

रिम्मानं वर पाहिलं. बाकावर लारिसा दोन्ही मुठी तोंडाशी धरून बसली होती. रिम्मा म्हणाली, “जा. उडी घे.”

मी रिम्माला नको नको ते बोलले, ते इथं लिहीत नाही. उस्त्या गेली. वेग घेतला, वर उठली, चार फिरक्या मारल्या आणि उतरली ती पिसासारखी. सगळ्या पोरी जागच्या जागी थांबल्या. रिम्माला ती उडी शेवटची एकदा बघायचीच होती, हे मला तेव्हा कळलं, आणि त्याबद्दल मी तिला आजही माफ केलेलं नाही.

मग ती वर बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “उस्तिन्या ग्लेबोव्हना, स्केट काढा आणि घरी जा. तुमच्यात दम नाही.”

लारिसा धावत खाली आली, हातापाया पडली, शिव्या दिल्या. तिला रिम्मा पुन्हा तेच म्हणाली, दम नाही. माझ्या हातातला चहा तिनं घेतला आणि न पिताच कठड्यावर ठेवला.

उस्त्या कँटीनमध्ये आली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं पाव मागितला. मी भट्टीतला ताजा दिला. तेवढ्यात दारात रिम्मा. पोरीच्या हातात पाव बघून तो काढून घ्यायला तिचा हात सवयीनं वर गेला, तिथंच थांबला, मग खाली आला.

“फुंकर मार आधी,” ती म्हणाली. “तोंड भाजेल तुझं.”

‘तुझं’ ऐकलं आणि पोरगी ओक्साबोक्शी रडायला लागली. पाव मात्र सोडला नाही. रिम्मा वळून निघून गेली, आणि क्षणभरानं आतून दुसऱ्या कुणाला तरी मारलेली तिची हाक आली, “ऊठ.”