सरकी वेगळी पडली पाहिजे

"आधी गाणं नका लावू. आधी बोला."

हेडफोन कानावर चढवला की मिस्त्री एवढं म्हणायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी काहीतरी बोलायचो. काय बोलावं ते ऐनवेळी सुचायचं नाही, म्हणून कोणती गाडी किती लेट आहे, सेलूत आज कापूस काय भावानं गेला, असलं काहीबाही सांगत सुटायचो. ते मान हलवायचे. "यायलाय. बाहेरचं आत यायलाय. दुसरा दाखवा."

स्टेशनकडच्या रस्त्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हेडफोन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कसं असतं ते तुम्हीही पाहिलं असेल. आधी रंग बघतं, मग आरशात बघतं, मग धडधड किती वाजतंय ते बघतं आणि खूश होऊन जातं. हेडफोन घालून दुकानदाराचं बोलणं ऐकणारं गिऱ्हाईक मला एकच मिळालं.

ते एका जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग म्हणजे कापसातली रुई आणि सरकी वेगळी करणारा कारखाना; गाव त्याला मिलच म्हणतं. मशीनचे रोलर घासणं, पट्टे बदलणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. सीझनमध्ये भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळं रुईनं पांढरं. पन्नाशीही न गाठलेला माणूस दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत म्हातारा दिसायचा आणि पाऊस लागला की परत तरुण व्हायचा.

दुकानाच्या पायरीवर ते आधी दोन्ही कानांतले रुईचे बोळे काढायचे आणि माझ्या काउंटरवर ठेवायचे. मला त्याचा फार राग यायचा. "मिस्त्री, हे दुकान आहे, गोडाऊन नाही," असं मी म्हणायचो. ते बोळे खिशात टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काउंटरवर ठेवायचे. त्यांच्या जिनिंगमध्ये सगळेच कानात रुई घालायचे. समोर डोंगर पडलेला, चिमूटभर उचलायची, वळायची, कानात घालायची. कान वाचतात अशी सगळ्यांची खात्री होती, कारण त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. वडील म्हातारपणी कुणाला ओ देत नसत, ते वय झालं म्हणून, असं सगळे धरून चालायचे.

मिस्त्रींना आवडायचं ते संगीत मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तरुणपणी ते चाकणकडे एका कंपनीत होते. तिथं खोलीत आसामकडचा एक फिटर होता, त्यानं ही सवय लावली. करवतीसारखी गिटार, दोन्ही पायांनी बडवलेले ढोल आणि वरून जीव तोडून ओरडणारा माणूस. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मिस्त्री सेलूला परत आले, ते ही गाणी बरोबर घेऊनच. माझ्या दुकानात त्यांनी एकदा ती मोठ्यानं लावली तर रिचार्जला आलेल्या बाई पैसे न देताच निघून गेल्या.

"मिस्त्री, ह्याला कुणी मारतंय का?" मी विचारलं.

"मारत न्हाई. मारून झालंय. आता सांगायलाय."

"काय सांगतोय ते तरी कळतं का?"

"शब्द कशाला पायजेत? दिवसभर मशीन माझ्या अंगावर वरडती. घरी गेल्यावर कुणी वरडायचं ते तरी मी ठरवतो की."

पुढं कधीतरी त्यांनी खरं कारण सांगितलं. जिनिंग बंद झालं, घरी शांतता झाली की त्यांच्या कानात रातकिडे सुरू व्हायचे. जेवताना, निजताना, सारखे. ही गाणी लावली की तेवढा वेळ रातकिडे ऐकू येत नसत. एवढं सांगून ते हसले. मला हसू आलं नाही.

स्वस्तात त्यांना हवा तसा हेडफोन मिळणं अवघड होतं. त्या पैशात बहुतेक माल नुसता धडधडणारा. लग्नाच्या वरातीला तो बरा, पण असल्या गाण्यात ढोल, गिटार, ओरडणं सगळ्याचा एकच काला होतो. बिनवायरचा घ्यावा तर निम्मे पैसे त्या सोयीतच जातात. म्हणून मी त्यांना वायरवाले, पूर्ण कान झाकणारे, जाड गादीचे हेडफोन मागवून द्यायचो. बोलून झालं की मिस्त्री त्यांचं नेहमीचं गाणं लावायचे, डोळे मिटायचे, आणि त्यांची परीक्षा एकच असायची.

"सरकी वेगळी पडली पायजे, भाऊ. रुईत सरकी दिसली की मशीन खराब. ढोलाचा एकेक दाणा निराळा पडला पायजे, आन वरून झांजा मोकळ्या."

ढोलांच्या बरोबर पितळी थाळ्या वाजतात, त्यांना ते झांजा म्हणायचे. त्या सळसळल्या की त्यांचा चेहरा उजळायचा. असा एक हेडफोन अखेर सापडला, आणि पहिल्या दिवशी ते माझ्या स्टुलावर बसून अख्खं गाणं ऐकून गेले. माणूस इतक्या कर्कश आवाजात इतका शांत बसलेला मी पाहिला नव्हता.

सरकीवरून आणखी एक आठवतं. जिनिंगमध्ये कुणी कुणाला हाक मारत नाही, मारली तरी पोचत नाही. मूठभर सरकी उचलायची आणि पाठीवर फेकायची. सरकीला वजन असतं, ती नीट लागते, माणूस वळून बघतो. मिस्त्रींना ही सवय इतकी लागली होती की घरी बायकोलाही ते शेंगदाणा फेकून बोलवायचे. त्या ती गोष्ट सांगताना चिडायच्या आणि हसायच्याही.

त्याच वहिनी एकदा तणतणत दुकानात आल्या. चांगला घेतलेला हेडफोन वर्षाच्या आतच बिघडला होता. मिस्त्रींनी तो बदलून दुसरा नेला होता आणि आता तोही बिघडला होता.

"ह्यातल्या झांजा गेल्या म्हणायलेत," त्यांनी हेडफोन काउंटरवर आपटला. "झांजा नसलेला माल कशाला इकता तुमी? लय जीव हाय त्यांचा त्याच्यात. आता टीव्हीच मोठ्यानं लावून बसायलेत."

त्या गेल्यावर मी तो कानाला लावला आणि मिस्त्रींचं गाणं सुरू केलं. झांजा होत्या. चांगल्या स्वच्छ सळसळत होत्या. आधीचा बिघडलेला म्हणून ठेवलेला काढला, त्यातही होत्या.

ते दोन्ही हेडफोन मी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. संध्याकाळी मिस्त्री आले, बोळे काढले, काउंटरवर ठेवले. त्या दिवशी मी काही म्हणालो नाही. गाणं लावलं, आळीपाळीनं त्यांना आणि मला ऐकवलं, आणि सरळ सांगितलं, "मिस्त्री, झांजा आहेत. दोन्हीत आहेत."

त्यांनी हेडफोन पुन्हा घातला. डोळे मिटले. मग आवाज वाढवला, आणखी वाढवला. शेवटी काढून अलगद खाली ठेवला. "तुमाला यायलंय?"

"येतंय."



परभणीला कानाच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि आलेख दाखवला. रेष सरळ येत होती आणि एका जागी विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली होती. मशीनच्या आवाजात राहणाऱ्यांचा कान इथूनच जातो, बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात, ते म्हणाले. रुईच्या बोळ्यांनी काही अडत नाही. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राखायचं असेल तर मशीनजवळ कान घट्ट झाकून ठेवा आणि ही मोठ्यानं गाणी बंद करा.

"कायमची?" मिस्त्रींनी विचारलं.

"निदान काम चालू आहे तोवर."

परतीच्या गाडीत आम्ही दोघं दाराशी उभे होतो. मानवत रोड स्टेशन मागं पडलं तेव्हा ते बोलले. "घरी सांगू नका, भाऊ. मिलात तर मुळीच नको. मशीनचं दुखणं मी कानानं वळखतो. कानच गेला म्हणल्यावर मिस्त्री कशाचा?"

मी हो म्हणालो.

दोन-चार दिवसांनी ते आले तेव्हा म्हणाले, "ज्यानं कान सगळ्यात जास्ती बंद होतो तो दाखवा." तसे सगळे हेडफोन मी काढले. त्यांनी एकेक घातला आणि म्हणाले, "बोला." मी बोलत गेलो. एकाला त्यांनी हात वर केला. मी बोलायचा थांबलो तरी त्यांचं माझ्या ओठांकडे लक्ष होतं. "हा. ह्यात तुमी न्हाईच."

गाणं लावून बघा म्हटलं तर नको म्हणाले. वायर पुढं केली. "ही कापा. लोंबती वायर पट्ट्यात आली तर मान बी जाईल. आन वायर असली की माझा हात मोबाईलकडं जाईल." मी कानाजवळ कापली, टोकाला काळी पट्टी गुंडाळली. उरलेली वायर त्यांनी स्वतः गोल वळून मला दिली. "ठिवा. सीझन संपला की जोडून द्या. पावसाळ्यात हळू आवाजात ऐकू, थोडं थोडं."

ती वायर मी काउंटरच्या खणात ठेवली.

तो सीझन त्यांनी कसा काढला ते मी रोज पाहत होतो. मिलमध्ये लोक चेष्टा करायचे, मिस्त्री हिरो झाला म्हणायचे. ते करू द्यायचे. संध्याकाळी येऊन स्टुलावर बसायचे, आता गाणं नाही आणि बोळेही नाहीत. "रातकिडे मोकाट सुटलेत," एकदा म्हणाले. कधी कधी बोटांनी काउंटरवर ते गाणं वाजवायचे, दोन्ही हातांनी, अगदी बरोबर. मला ते बघवत नसे, आणि थांबवावंसंही वाटत नसे.

जिनिंगमध्ये आत त्यांना काही धोका नव्हता. आत सगळ्यांच्या हाताशी सरकी होती. त्या दिवशी दुपारी ते कशाला तरी बाहेर मैदानात आले, हेडफोन तसाच कानावर. कापसाची ट्रॉली रिकामी करायला एक ट्रॅक्टर मागं मागं येत होता. ड्रायव्हर जिंतूरकडचा, पहिल्यांदाच आलेला. त्याला पाठमोरा माणूस दिसला तेव्हा त्यानं हॉर्न वाजवला, हाका मारल्या. दुसरं काय करणार? हाक मारली की माणूस बाजूला होतो, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. तो हाका मारत राहिला आणि ट्रॉली मागं येत राहिली.

गंजीवर चढलेल्या हमालानं ते पाहिलं. त्याच्या हाताशी होता तो नुसता कापूस. त्यानं मूठ भरून जोरात फेकला. तो रडत रडत मला म्हणाला, "सरकी आसती तर लागली आसती हो. कापूस फेकून कुठं जातो? माझ्या पायापाशीच पडला."

मिस्त्री दवाखान्यात नेण्याआधीच गेले.

दहनाच्या दिवसापर्यंत गावभर झालं होतं की गाणी ऐकता ऐकता गेला. ज्यांनी त्यांचं गाणं कधी ऐकलं नव्हतं तेही सांगत होते. मिलचे मॅनेजर वहिनींच्या भावाला म्हणाले, कामावर गाणी ऐकत होते, आम्ही काय करणार? ते कळल्यावर मी खणातली वायर घेऊन त्यांच्यापुढं गेलो आणि ती टेबलावर ठेवली.

"त्या हेडफोनची वायर ही. सीझनच्या आरंभापासून माझ्या दुकानात आहे. त्यात गाणं नव्हतं."

मॅनेजरनी वायर उचलून बघितली. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीवर होता. "गाणं नव्हतं तर घातला कशाला? का ऐकूच येत नव्हतं त्यांना? तसं असेल तर कामावर लपवलं म्हणायचं."

गाणं म्हणावं तर चूक मिस्त्रींची, कान म्हणावा तरी चूक मिस्त्रींचीच. आणि मी शब्द दिला होता. "तुमच्या मशीनच्या आवाजासाठी घातला," मी म्हणालो. "तुम्ही काही दिलं नाही म्हणून." ते मोबाईल बघायला लागले. पुढं मिलनं घरी काहीतरी मदत पोचवली, कशाबद्दल ते सांगितलं नाही. मला अजून संताप येतो.

सीझन संपला. मशीनचा घोंगाट थांबला की सेलूला चार-आठ दिवस चुकल्यासारखं होतं, तसं झालं. त्या आठवड्यात वहिनी दुकानात आल्या. पिशवीतून हेडफोन काढला. एका बाजूला मोठा चरा होता, बाकी धड होता.

"सीझन संपल्यावर वायर जोडायची, आसं घरी म्हणले व्हते ते. जोडा. काय ऐकत व्हते ते मला बी ऐकू द्या."

मी वायर जोडली. त्यांनी डोक्यावरचा पदर सारून हेडफोन घातला, दोन्ही हातांनी धरला. मी आवाज अगदी हळू ठेवला आणि त्यांचं गाणं लावलं. सुरुवातीला त्या दचकल्या. मग स्टुलावर बसल्या, मिस्त्री बसायचे तशाच, डोळे मिटून. अख्खं गाणं ऐकलं.

संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"झांजा तर हायेत ह्यात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग हेडफोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली. टीव्हीचा वाढवलेला आवाज, परत केलेला माल, माझ्याशी केलेलं भांडण.

"दुसरं एखादं लावू का, वहिनी?" मी विचारलं.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आता गाणं नका लावू," त्या म्हणाल्या. "आधी बोला."