बाळारामनानांची नसलेली चूक

त्या वर्षी ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या फळ्या वेळेआधी घालायला मी सांगितलं होतं. बाळारामनानांनी नव्हे. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि आता ते लिहितोय तर वाचायला नाना उरलेले नाहीत.

दीड महिन्यापूर्वी सकाळी डोंबिवलीच्या घरी दाढी करत होतो, तेव्हा फोन वाजला. नानांची सून वनिता बोलत होती. बाबा पहाटे गेले, म्हणाली. तुम्हाला कळवायचं असं त्यांनी सांगून ठेवलेलं. मी ‘निघतोच’ म्हणालो, फोन ठेवला, उरलेली दाढी केली आणि ऑफिसला गेलो. त्या दिवशी बैठक होती हे खरं आहे. पण बैठक नसती तरी मी गेलो नसतो, हेही खरं आहे. ज्या अंगणात माणसं जमली असतील तिथे नानांचे चुलतभाऊ काशिनाथदादा असणार, आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं मला जमलं नसतं.

नानांचं गाव खडवली स्टेशनपासून रिक्षाने अर्ध्या तासावर. तालुक्याला मी जलसंधारणाच्या कामावर आहे. ओढ्यांवर छोटे बंधारे बांधायचे, गावाची समिती करायची आणि बंधारा तिच्या हवाली करायचा, असं आमचं काम. भिंत बांधणं त्यात सोपं असतं. भिंतीला मधेमधे गाळे सोडलेले असतात. पावसाळाभर ते उघडे ठेवायचे, म्हणजे पूर निघून जातो. पाऊस संपला की त्यांत लोखंडी फळ्या बसवायच्या, म्हणजे मागे पाणी साठतं, विहिरी भरलेल्या राहतात, होळीपर्यंत भाजी निघते. फळ्या उशिरा घातल्या तर ओढा वाहून गेलेला असतो. लवकर घातल्या आणि मागून पाऊस आला, तर कोंडलेलं पाणी काठ फोडून शेतात शिरतं. म्हणजे सगळा खेळ एका दिवसाचा. तो दिवस कोणी ठरवायचा, यावरून कितीतरी गावांत भांडणं होतात. नानांच्या गावात होत नसत. तिथे तो दिवस नाना ठरवत.

त्यांची रीत साधी होती. दसरा जवळ आला की रोज सकाळी काठाने फिरायचे आणि खेकड्यांची बिळं बघायचे. पाऊस खरंच संपला की खेकडे बिळाचं तोंड चिखलाने लिंपून घेतात, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी मी हसलो होतो. नाना म्हणाले, हसा सायेब, पन त्यांना घर सांभालायचा हाय, तुमाला फक्त फाईल. बायका खदखदून हसल्या. श्रमदानाला त्याच पुढे असत, आणि माझी चेष्टा हा त्यांचा हक्कच होता. मी बूट घालून चिखलाच्या कडेला उभा राहिलो की एखादी म्हणायची, सायबांना पाटीत बसवून पलीकडं न्या गं. नाना मात्र काम चाललेलं असताना फारसे बोलत नसत. फळी खाचेत नीट बसली की नाही हे ते कान लावून ऐकत. पाणी कुठून झिरपतंय ते त्यांना आधी ऐकू यायचं. चार वर्षांत त्यांचा दिवस एकदाही चुकला नाही. वरच्या पाड्यालाही असाच एक बंधारा व्हावा म्हणून ते माझ्या मागे लागलेले. तिथल्या बायकांना माघानंतर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागायचा.

त्या वर्षी आमच्याकडे फोटोंची घाई होती. पाणी अडवलेल्या बंधाऱ्याचे फोटो मोबाइलवरून ठरलेल्या मुदतीत चढवायचे होते, आणि सोमवारी वरिष्ठ साहेब प्रत्यक्ष पाहायला येणार होते. मी शुक्रवारी गावात गेलो. नाना मला काठावर घेऊन गेले. बिळं उघडी होती. बोटाने एकेक दाखवत ते म्हणाले, “अजून एक पाऊस हाय सायेब. आठ दिस थांबा.”

आठ दिवस माझ्याकडे नव्हते. मी आकाशाकडे बोट दाखवलं; ते स्वच्छ होतं. मोबाइलवरचा अंदाज दाखवला. तोही स्वच्छ होता. तरी ते मान हलवत राहिले, तेव्हा मी जे बोललो ते आजही माझ्या कानात आहे. “नाना, सोमवारी साहेबांना पाणी दिसलं नाही, तर वरच्या पाड्याचा बंधारा विसरा.” हे खरं नव्हतं. तसा कुठलाही नियम नव्हता. मला फक्त सोमवार निभावायचा होता.

नाना म्हणाले, तुमी सांगताव म्हनून घालतो. संध्याकाळपर्यंत चार-पाच जणांनी फळ्या बसवल्या. फोटो घेतला की काढून ठेवतो, असं ते म्हणत होते. सोमवारपर्यंत हात लावू नका, असं मी बजावलं. आमचं हे बोलणं तिसऱ्या कोणी ऐकलं नाही.

रविवारी पहाटे पाऊस आला. दोन तासच कोसळला, पण डोंगरावरून सगळं पाणी एकदम उतरलं. नाना लोखंडी आकडा घेऊन धावले. मागे पाण्याचा रेटा असला की फळी खाचेत आवळून बसते, उपसता येत नाही. त्यांनी दोन काढल्या, तिसरीला त्यांचा खांदा निखळला. पाणी डाव्या बाजूने काठ फोडून काशिनाथदादांच्या शेतात घुसलं. भात कापून आडवं पडलेलं होतं. ते तर गेलंच, पण बांध आणि वरची मातीही गेली. खाली दगड उघडे पडले. काशिनाथदादा म्हणजे नानांचे सख्खे चुलतभाऊ. दोघांच्या अंगणाला मधे कुंपणसुद्धा नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा झाली. माझा अहवाल मीच वाचून दाखवला. समितीने कार्यालयाला न विचारता फळ्या बसवल्या, असं त्यात लिहिलेलं होतं. वाचताना माझा आवाज कापला नाही, याची आज मला जास्त लाज वाटते. काशिनाथदादा उठून उभे राहिले आणि नानांना म्हणाले, “खेकड्यांची बिला बघून सांगतोस ना रे तू? मंग या टायमाला आंधला झालेलास?” कोणी हसलं नाही. नानांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. हात गळ्यात बांधलेला होता. मी कागदाची घडी घालत राहिलो. नाना म्हणाले, “माझा अंदाज चुकला.” आणि खाली बसले.

मी तेव्हा उठायला हवं होतं. चौकशी लागेल, बढती अडेल... हे सगळं मनात होतं. नंतर सांगू, असंही होतं. भित्र्या माणसाला हा ‘नंतर’ फार उपयोगी पडतो.

पुढच्या वर्षी दिवस ठरवायचं काम समितीने दुसऱ्याकडे दिलं. नानांना कोणी विचारलं नाही. वरच्या पाड्याचा बंधारा मंजूर झाला, बांधूनही झाला. उद्घाटनाला नाना सगळ्यात मागे बसले होते. मी जवळ गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या मुलीच्या बारावीचं विचारलं. तीन वर्षांत मी त्यांच्या घरी पाच-सहा वेळा चहा घेतला असेल. दर वेळी ठरवून जायचो आणि दर वेळी तोंड मिटून परत यायचो. त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. काशिनाथदादांच्या घराकडची खिडकी तेवढी बंद असायची. दोन्ही घरांतलं जाणं-येणं, सणाचं ताट, सगळं थांबलेलं होतं. वनिता एकदा सहज बोलून गेली की बाबा जेवताना अजूनही तिकडचा आवाज ऐकत बसतात.

तेराव्याला मात्र मी गेलो. हिराकाकी, नानांच्या पत्नी, आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. शुक्रवारचं बोलणं, माझी खोटी धमकी, अहवाल. त्यांनी मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मना म्हाईत हाय. त्याच राती सांगितलान त्यानी. कोनाला बोलू नको म्हनला, सायेब अडकला तर वरच्या बायांचा पानी अडकंल.”

 वरच्या पाड्याचं पाणी माझ्या हातात आहे, असा जो धाक मी घातला होता, तो खरा मानून हा माणूस गप्प राहिला होता. तसं काहीच माझ्या हातात नव्हतं, हे त्यांना कळलं असतं तर... मी हात जोडले. काकींनी ते हाताने बाजूला सारले.

“माज्याकडं माफी नको. मी घरधन्याशी कदी बोलायची थांबले नाय. बाहेर काशिनाथ बसलाय. त्याला सांग जा.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी एकेरीत बोलल्या होत्या.

बाहेर मांडवात जेवणाच्या पंगती उठत होत्या. काशिनाथदादा कडेच्या बाकावर एकटे बसले होते. भाऊ म्हणून डोकं भादरलेलं होतं, त्यावर पांढरे खुंट उगवू लागले होते. तीन वर्षं ज्याच्याशी बोलले नाहीत, त्याच्या कार्याला ते सकाळपासून पाणी वाहत होते, असं वनिताने सांगितलं होतं. मला पाहून त्यांनी शिष्टाचाराने बाकावर जागा केली. मी बसलो नाही. आसपासची माणसं ऐकतील, असा आवाज चढवला. 

“काशिनाथदादा, फळ्या घालायला मी सांगितलं होतं. नाना नको म्हणत होते. अजून एक पाऊस आहे, असं त्यांनी मला बिळं दाखवून सांगितलं होतं. मी खोटं बोलून त्यांना घालायला लावल्या आणि सभेत त्यांच्यावर ढकललं. तुमचं शेत माझ्यामुळे गेलं आणि तुमचा भाऊही माझ्यामुळे तुटला. नाना चुकले नव्हते. मला माफ करा.”