यंदा दाराला रंधा मारला नाही

आमचं पुढचं दार दर पावसाळ्यात फुगतं. बाबा होते तोवर आषाढ लागला की ते चौकटीला खडू फासायचे, दार एकदा लावून उघडायचे आणि जिथे खडू उमटेल तेवढ्यावरच रंधा फिरवायचे. लाकडाच्या पातळ, कुरळ्या साली आईच्या पायाशी पडायच्या, कारण स्टूल धरून तीच उभी असायची. "बस करा आता," ती म्हणायची, "जास्त काढलंत तर गर्मीत फटीतून लू येईल."

बाबा गेल्यावर रंधा माझ्याकडे आला. दरवर्षी मीच मारायचे. यंदा मारला नाही.

आई हल्ली घरातून निघून जाते. चैत्रात ती इंदरगंजच्या चौकात सापडली, अनवाणी, गाड्यांच्या मधोमध. पुण्याच्या भावाने फोनवर निकाल दिला, "ताला लाव आणि मोकळी हो." लांबून बोलायला काय जातं! आईला कुलपात कोंडणं माझ्याने होईना. मग पाऊस आला, दार फुगलं, आणि मी रंधा बाहेर काढलाच नाही. कुलूप नाही, कडी नाही. तिच्या हाताला दार उघडत नाही, एवढंच.

आता ते मलाही धड उघडत नाही. चौकटीला पाय लावून ओढावं लागतं, आणि आवाज झाला की आई चपला शोधायला लागते. म्हणून मी बाहेर जाणंच सोडलं. भाजी खिडकीच्या गजांतून घेते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कधी इतका संताप येतो, की तो आईवर आहे की दारावर, तेच कळत नाही.

माझं नाव विसरलेली आई दार मात्र विसरत नाही. "दरवाजा अटकतोय गं. बाबांना म्हण ना, रंदा चालवून देतील."

"हो, उद्या," मी म्हणते.

एकदा ती स्वतःच कपाटातून रंधा काढायला लागली. हात कापून घेईल म्हणून मी पाचर सैल करून पातं काढलं आणि माझ्या साड्यांखाली ठेवलं.

काल दुपारी पोळ्या करताना घासल्याचा आवाज आला. आई बंद दाराशी उभी होती. दोन्ही हातांनी बिनपात्याचा रंधा दाराच्या कडेवरून ढकलत होती, घामाने निथळत. खाली एकही साल नव्हती.

"झालंच बघ, आता उघडेल," ती म्हणाली. "तू पण चल. किती दिवस झाले, तू कुठे गेलीच नाहीस."

"हो, जाऊ," मी म्हटलं, आणि पोळी करपत होती म्हणून आत गेले.