साहेबांचं ‘बघतो मी’

फाउंड्रीत किस्से भंगारासारखे साठतात. ढीग वाढत जातो, पण टाकायचं काय ते ठरत नाही. आमच्याकडचा निम्मा ढीग नव्या मॅनेजरसाहेबांच्या एकाच वाक्याचा आहे.

साहेब पुण्याचे. कुणी काही मागितलं की मान हलवून म्हणायचे, "बघतो मी." कोल्हापुरात हे भांडणाच्या शेवटी बाह्या सारत म्हणतात! इन्स्पेक्शनच्या सर्जेरावनं पहिल्याच दिवशी मापं घ्यायला नवा व्हर्निअर मागितला, हे उत्तर ऐकलं आणि जेवणाचा डबा न उघडता घरी नेला.

*

डिस्पॅचच्या सुरेखाताई जयसिंगपूरहून येतात. लेकीच्या शाळेत मीटिंग होती, म्हणून त्यांनी अर्धी सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, "बघतो मी." ताई घाबरून कामावरच बसल्या आणि पेठ वडगावचा टेम्पो त्यांनी जयसिंगपूरला धाडला.

सुट्टी मंजूर झाल्याचं पाकीट सकाळपासून त्यांच्या टेबलावर होतं. मेमो असेल म्हणून त्यांनी ते उघडलंच नव्हतं!

*

सर्जेराव पंधरा वर्षं मापं घेतोय. पण साहेब मागं येऊन उभे राहिले की एकच नग तीनतीनदा मोजायचा. एके दिवशी त्यानं चाळीस चांगली कास्टिंग रिजेक्ट केली. दुसऱ्या दिवशी सगळीच पास केली, वाकडीसुद्धा! मग वरून हुकूम आला, की कस्टमरच्या ऑडिटमध्ये चुकला तर त्याला परत भट्टीवर पाठवायचं. त्याला दमा आहे. मला फार वाईट वाटलं.

मी केबिनमध्ये जाऊन साहेबांना ‘बघतो’चा इथला अर्थ सांगितला. साहेब ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून ते म्हणू लागले, "विचार करतो."

"आता इचार कराय लागलाय," सर्जेराव मला म्हणाला. "म्हंजे मोठंच कायतर हाय."

*

सर्जेराव आजही इन्स्पेक्शनलाच आहे, तो ऑडिटच्या दिवसामुळं. दहा नग मोजायचे होते. एका खांद्याशी ऑडिटर, दुसऱ्याशी साहेब. पहिली दोन मापं चुकली. तिसऱ्याला व्हर्निअरच हातातून सुटला.

साहेबांना धीर द्यायचा होता, पण शब्द सापडेना. शेवटी ते म्हणाले, "सर्जेराव, मी बघत नाही," आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

सर्जेरावनं व्हर्निअर उचलला, शर्टाला पुसला आणि ऑडिटरकडं वळला.

"पावणं, तुमीबी जरा तिकडंच बघा की."