जात्याबाहेरचा खुंटा

अमळनेरहून पुतण्या आला, दारातच थबकला आणि म्हणाला, “काकू, नाना गेले.” नाना म्हणजे माझे जेठ, यजमानांचे थोरले भाऊ. शाळेत शास्त्र शिकवत; निवृत्तीनंतर अमळनेरला राहायला गेले होते. आमच्याकडे जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नसतं, तिनेही पदर ओढून बाजूला व्हायचं. त्यामुळे ज्या माणसाने माझा संसार वाचवला, त्याच्याशी मी उभ्या जन्मात एक शब्द बोलले नाही...

लग्नाच्या पहिल्याच वर्षी विहिरीवर घसरून माझं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. जातं ओढायला गेले की डोळ्यांपुढे अंधारी येई. सासूबाईंनी निकाल दिला, “बठ्ठा घरनं दळण कोन करी? हिले माहेरले धाडी द्या.” तशी धाडलेली सून परत आणत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी जात्यापाशी बसून रडत राहिले.

नानांनी ते ऐकलं आणि आईला सागवानी दारापाशी नेलं. “माय, बिजागरीपाशी हात ठेव अन ढकल.” दार हलेना. “आते कडीपाशी.” दार धाडकन उघडलं. “दार तेच शे, जोर तोच शे. हात कोठे ठेवस, तेवर शे बठ्ठं.”

“तुनी शाळा शाळामा ठेव!” सासूबाई म्हणाल्या.

पण मास्तर हट्टी. त्यांनी बाभळीची पट्टी जात्यावर आडवी बसवली, मधे घास टाकायला भोक ठेवलं आणि खुंटा जात्याच्या बाहेर, पट्टीच्या टोकाला ठोकला. पहिल्याच फेऱ्याला तो भिंतीवर आपटला! एवढा हिशेबी माणूस, भिंतच विसरला. मग जातं खोलीच्या मध्यावर ओढलं. हात लांबून फिरवावा लागे, वेळही जास्त जाई, पण दगड फिरू लागला. सासूबाईंनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. माहेरचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

पुढे नाना आईकडे बघून विचारत, “हात दुखस का, इचार तिले.” सासूबाई गेल्यावर मधे कोणी उरलं नाही, तेव्हा तुळशीकडे तोंड करून विचारू लागले. मी मान हलवायची आणि पदराआड हसायची. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा अमळनेरला गेले. त्यांच्या खोलीत खुंटीवर काळी टोपी होती. मी पदर मागे सारला आणि मोठ्याने म्हणाले, “नाना, तुमनामुळे मी आपला घरमा राहिनू.”

ओसरीवर जाऊबाईंचं रडणं थांबलं. त्या आत आल्या, माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

“परत बोल, बाई,” त्या म्हणाल्या, “त्यासले आयकू कमी ये...”