वॉरंटी, इन्शुरन्स आणि वरवंटा

घरात गाडी आली की पेट्रोल भरावं लागतं, किस्से मात्र आपोआप भरत जातात. आमच्या माजलगावच्या घरात ह्या उन्हाळ्यात ते इतके साचलेत की पाहुणा चहाला टेकला रे टेकला की नवरा म्हणतो, "काचेचं सांग." मी सांगते. आता हसत सांगते. तेव्हा झोप उडाली होती.

काळजी काचेची नव्हतीच. चार वर्षांच्या स्वराला मी रोज सांगते, खोटं बोलायचं नाही. आता त्याच तोंडानं तिला "आजीचं नाव घेऊ नकोस" असं कसं सांगायचं? मुलं कशी वाढवावीत याचे व्हिडिओ मी ढिगानं बघते. सासू, कुरडया आणि मोटारीची काच यावर कुणीच व्हिडिओ केलेला नाही.

* * *

झालं ते असं. गच्चीवर वानरं येतात, म्हणून सासूबाईंनी यंदाच्या कुरडया गाडीवर वाळत घालायच्या ठरवल्या. "पत्रा कसा तव्यावानी तापतो. एवढं ऊन कावून वाया घालवायचं?" बॉनेटपासून काचेवरून थेट टपापर्यंत जुनं लुगडं पसरलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वरच्या टोकाला, टपावर, वरवंटा ठेवला. गाडी जिन्याला खेटून उभी असते. जिन्याच्या पायरीवर काठी घेऊन स्वरा, कावळे हाकायला.

मी आत पेपर तपासत होते. ठक् असा आवाज आला. बाहेर आले तर लुगडं बाजूला ओढलेलं, पुढच्या काचेवर चांदणी उमटलेली, तिच्यातून एक रेघ पार कडेपर्यंत गेलेली. स्वराच्या तोंडात गूळ घातलेला गरम चीक. आणि सासूबाईंच्या पदराखाली काहीतरी जड.

"उन्हानं तडकली गं," त्या म्हणाल्या.

पदराला वरवंट्याचा आकार आला होता. मी शाळेतून येईपर्यंत स्वराला त्याच सांभाळतात. अशा बाईला "खरं सांगा" म्हणायला जी छाती लागते, ती बी.एड.च्या अभ्यासक्रमात नव्हती.

* * *

संध्याकाळी नवरा आला. "आपोआप तडकली? मग वॉरंटीतच बदलून मिळेल."

धाकटे भावजी गावातलं राजकारण करतात, त्यामुळं त्यांना सगळं माहीत असतं. ते म्हणाले, "वहिनी, टेन्शन घ्यायचं न्हाई. वॉरंटी मंजी सासरा. जावयाचं काय बी तुटू द्या, त्यानंच भरून द्यायचं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यानं काय भरून दिलं रे?"

भावजींनी चहाचा कप तोंडाला लावला.

* * *

बीडच्या शोरूममधला माणूस सभ्य होता. त्यानं चांदणीवरून नुसतं नख फिरवलं. "इथं खड्डा लागतोय. बाहेरून मार बसलाय. काचेतच दोष असता तर वॉरंटी. मार बसला की तुमचा इन्शुरन्स."

"अहो, उन्हानं तडकली. आई समोर होती," नवरा म्हणाला.

"साहेब, ऊन सगळ्या जिल्ह्याला सारखंच हाय. आमच्या अंगणात तीस गाड्या तापत उभ्या हायेत."

एवढं बोलून त्यानं वायपर उचलला. खाली पांढरं, वाळलेलं, नक्षीदार असं काहीतरी चिकटलेलं. "हे काय हाय, मॅडम?"

"कुरडई," मी म्हणाले.

"वायपरखाली?"

"वाळवणाचे दिवस आहेत."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मी पंख्याकडं. माझ्या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता, याचं मला तेलगाव येईपर्यंत समाधान वाटत होतं. तेलगावच्या पुढं वाटेनासं झालं.

* * *

मग इन्शुरन्सची तयारी. काच कशी फुटली, हे सांगावं लागणार होतं.

"उसाच्या ट्रकच्या टायरखालून दगड उडाला म्हणायचं," भावजी म्हणाले.

"कारखाने बंद होऊन महिना झाला," नवरा.

"मग खडीचा ट्रक म्हणा. खडीला काय सीझन असतो व्हय?"

स्वरा शेजारीच चित्र रंगवत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "मम्मी, कोणता ट्रक?" मी तिला दुसऱ्या खोलीत नेलं आणि बिस्कीट दिलं. आजीनं चीक दिला होता, मी बिस्कीट दिलं. पद्धत एकच!

* * *

काच बसवणारे रफिकभाई नवऱ्याच्या ओळखीचे. त्यांच्या दुकानी आम्ही भावजींच्या गाडीतून गेलो. रफिकभाई म्हणाले, "भाभी, तालुक्यातली समदी काच ट्रकच्या दगडानंच फुटती. मी तर म्हंतो, तेवढे ट्रक तालुक्यात हायेत कुठं?"

मी पर्सची चेन उघडझाप करत राहिले.

"सर्व्हेवाला बघून जाऊस्तोवर काच बदलायची न्हाई," त्यांनी बजावलं. "आन पॉलिसी कोणची? निस्ती थर्ड पार्टी असली तर तुमी दुसऱ्याची काच फोडली तर भरून मिळती. आपली फुटली तर बसा बोंबलत."

आमची पॉलिसी पूर्ण होती. भावजींनी मात्र हळूच मोबाईल काढला आणि बराच वेळ आपली पॉलिसी वाचली. परत येताना एक खडीचा ट्रक पुढं आला, तर त्यांनी गाडी एवढी मागं ठेवली की सायकलवाले आम्हाला ओलांडून गेले.

* * *

इकडं घरात चटणी मिक्सरमधून यायला लागली. आमच्याकडं हे सुतकातसुद्धा होत नाही.

"आई, पाट्यावरची चटणी कावून न्हाई?" नवऱ्यानं विचारलं.

"वरवंटा पाथरवटाकडं टाकी लावायला दिलाय."

"आन पाटा?"

"पाटा चांगला हाय," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. जास्त भाकरी म्हणजे विषय संपला, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

* * *

शेवटी सर्व्हेअर घरी आला. तरुण, घामाघूम. त्यानं काचेचे फोटो काढले, कागद गुडघ्यावर घेतला आणि विचारलं, "कशी फुटली?"

नवरा म्हणाला, "ते काय झालं, तेलगाव रोडला..." आणि थांबला, कारण स्वरा डोळे मोठे करून त्याच्याकडं बघत होती. मी ठरवलं, आता आपणच सांगायचं. सासूबाई आयुष्यभर बोलल्या नाहीत तरी चालेल. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात त्या तळलेल्या कुरडयांचं ताट घेऊन बाहेर आल्या. "माझ्याच्यानं फुटली, बाबा. टपावर वरवंटा ठेवलता. वारं सुटलं, लुगडं वढलं गेलं, तो घरंगळला. माझ्या सुनेला काय बी म्हाईत न्हाई."

सर्व्हेअरनं पेन खाली ठेवलं. "वरवंटा?"

त्यांनी आत जाऊन गव्हाच्या कोठीत हात घातला आणि वरवंटा बाहेर आणून बॉनेटवर ठेवला. त्यानं त्याचाही फोटो काढला, पुढून आणि बाजूनं.

"आज्जी, नोकरीला लागल्यापासून ट्रक सोडून दुसरं सांगणारं माणूस आज भेटलं," तो म्हणाला. "वस्तू चुकून पडली, म्हणजे अपघातच. बसतंय पॉलिसीत."

नवऱ्यानं एवढा मोठा श्वास सोडला की उन्हाची गरज पडली नसती, कुरडया तशाच वाळल्या असत्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ह्या बाईला मी आठवडाभर मनातल्या मनात काय काय बोलले होते! डोळे भरून आले, आणि शिक्षिकेची सवय, मी स्वराला जवळ ओढून म्हणाले, "बघितलंस? आजीनं कसं खरं-खरं सांगितलं."

स्वरानं आजीकडं पाहिलं. आजी कुरडईचं ताट उगाच इकडून तिकडं करत होती.

"आजी," स्वरा म्हणाली, "नवी काच आली की वरवंट्याला घसरगुंडीवरून परत मीच सोडणार हां."